पहिलं पाणी

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा धोंडवाडीत गूळ-खोबरं वाटलं होतं. त्याआधी अर्जाला नकार मिळवायचा तर उस्मानाबाद गाठावं लागे, वाटेत मुक्काम पडे, सोयऱ्याच्या घरी उगाच खुशाली विचारत बसावं लागे. आता सकाळी जळकोटला गाडी धरली की माणूस लातूरहून नकार घेऊन रात्री घरच्या भाकरीला हजर होई. सरकार इतकं जवळ आल्यावर पाऊसही थोडा सरकून येईल, असा गावाचा अंदाज होता. पण पावसाला नव्या जिल्ह्याची खबर लागली नसावी. पहिल्या साली तो उशिरा आला, दुसऱ्या साली अर्धा आला, आणि तिसऱ्या साली मृगापासून हस्तापर्यंत आभाळ नुसतं येऊन बघून गेलं. सोयरीक करायची नाही असं घरूनच ठरवून निघालेल्या पाहुण्यासारखं.

पंचफुलाच्या घरात माणसं चार. ती, नवरा सिद्धराम, विशीतला लेक मलप्पा आणि धाकटी शिवगंगा. रान होतं, पण त्या साली रानात जायचं ते रान जागेवर आहे का एवढं बघायला. ज्वारी गुडघ्याला लागली आणि तिथंच वाळली. सिद्धराम बांधावर बसून तिच्याकडं बघायचा आणि उठताना धोतर झटकायचा. मग अण्णाराव पाटलांची मळ्यातली विहीर आटली, आणि गावाला काम मिळालं.

विहीर खोल करायची होती. पुरुषांनी कडेच्या खोबणींत पाय रोवत खाली उतरायचं, काळा दगड फोडायचा. तो लोखंडी डोलात भरला की वरची हातानं फिरवायची यारी करकरत त्याला ओढून घ्यायची. वर बायकांनी तो टोपलीनं उचलून बांधावर टाकायचा. मजुरी थोडी रोख, बाकी धान्यात. धान्य म्हणजे आधी ज्वारी होती. दिवाळीच्या सुमाराला ज्वारी संपली आणि पाटलांच्या दारात पैनगंगेपलीकडून आलेला एक ट्रक उभा राहिला.

पोत्यातून जे निघालं ते बघून बाया मागं सरकल्या. करडे, तिरके दाणे. एकेक दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा.

"हे काय म्हशीचं हाय का, मालक?" कस्तुराबाईनं विचारलं. ती पंचफुलाची शेजारीण. गावात कुणाच्या चुलीवर काय आहे हे तिला त्या घराच्या आधी कळायचं.

"लाख हाय ती, लाख," अण्णाराव म्हणाले. "डाळच हाय. तिकडं मोठमोठे लोक खातेत."

"ह्याला सरकारची बंदी हाय म्हणतेत," मागून कुणीतरी बोललं.

"विकायला बंदी हाय. मी विकून ऱ्हायलो का? मजुरीत देऊन ऱ्हायलो."

बंदी कशापायी, हे पाटलांना ठाऊक नव्हतं, आणि गावानं विचारलं नाही. सरकारनं बंदी घातली म्हणजे वस्तूत काहीतरी दम असणार, असा गावाचा दारूपासूनचा अनुभव होता.

पंचफुलानं मूठभर दाणे उचलून वास घेतला. तिचं माहेर हिमायतनगरकडचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून गावानं तिला 'पैनगंगेची' म्हणूनच ठेवलं होतं. ती 'काऊन' म्हणाली की पोरं हसायची. तिच्या माहेरी लाख खातात, ही गोष्ट कस्तुराबाईनं चार बायकांत किती वेळा काढली असेल त्याला गणती नाही. आता तेच माहेर ट्रकमध्ये बसून सगळ्या गावाच्या ताटात आलं होतं.

त्या आठवड्यात बाया एकेक करून तिच्या दारात आल्या. शेवटी कस्तुराबाईही आली, कुंकू मागायचं निमित्त करून. पंचफुलानं चुलीवरचं भगुनं दाखवलं.

"आधी भिजू घालायची. मग लई पाण्यात उकळी आणायची, पिवळा फेस येतोय बगा. ते पहिलं पाणी पार उकिरड्यावर नेऊन फेकायचं. मग नव्या पाण्यात शिजवायची. घुगऱ्या करा, वरण करा."

"फेकायचं काऊन?" कस्तुराबाईनं मुद्दाम तिचाच शब्द तिच्यापुढं ठेवला.

"माय फेकायची माझी. आजी बी फेकायची."

"ते झालं गं. पण कशापायी?"

हे पंचफुलानं कधी विचारलंच नव्हतं. दाराला उंबरा कशाला, असं कोण विचारतं. "जड असतंय ते," ती म्हणाली, आणि आपण काहीतरी सांगितलं म्हणून तिला बरं वाटलं. बायांनी माना डोलावल्या. त्या हिवाळ्यात धोंडवाडीच्या उकिरड्यांवर रोज सकाळी वाफ निघायची, आणि पंचफुलाला पाणवठ्यावर पुढं जागा मिळायची.

माघात हातपंपानं हवा द्यायला सुरुवात केली.

गावानं मग अंग आवरून घेतलं. माणसं खाटेवर बसून अंघोळ करू लागली, खाटेखाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात कपडे पिळायचे, कपड्यांचं पाणी म्हशीपुढं ठेवायचं. म्हशीनं आधी तोंड फिरवलं, मग तीही शिकली. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. पुरुषांनी दाढ्या वाढवल्या आणि सगळी धोंडवाडी एकदम विचारवंत दिसू लागली. बाया दिवसा पाणी प्यायच्या नाहीत, म्हणजे आडोशाला जायला नको. पंचफुलाचे ओठ फुटले, टाचांच्या भेगांत माती बसली, डोक्यावरच्या चुंबळीखाली केस विरळ झाले. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. दुष्काळात दिसतं तसं ती दिसत होती.

टँकर यायचा तो एखाद्या दिवशी यायचा. यायचा तेव्हा कोरड्या आडात पाणी सोडून जायचा, आणि मग गाव ते पुन्हा पोहऱ्यानं उपसून काढायचं. एका संध्याकाळी तशाच झुंबडीतून घागर घरी आणून पंचफुलानं लाख उकळली, आणि पहिलं पाणी ओतायला भगुनं उचलून परड्यात आली. कुडापलीकडं कस्तुराबाई उभीच होती.

"आमी घोटभर पाण्यासाठी टँकरमागं पळून ऱ्हायलो, आन ही बाई भगुनंभर सार उकिरड्याला पाजून ऱ्हायली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून असं नव्हे. मोठ्यानं.

पंचफुला भगुनं धरून थांबली. पाणी दाट होतं, पिवळसर. त्याला हरभऱ्यासारखा वास येत होता. घागर आणताना दुखावलेली मान अजून ठणकत होती. घरात मलप्पा विहिरीवरून येऊन भिंतीला टेकला होता. त्याच्या बरगड्या सदऱ्यातून दिसत होत्या.

"टाकू नको अव्वा," तो आतून म्हणाला. "मीठ घाल त्यात. पितो मी."

ती परत चुलीपाशी आली. मीठ घातलं, तिखट घातलं, चिंचेचं एक बुटूक चुरडून टाकलं. मलप्पानं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली ती रिकामी.

"फेकत होतीस हे?" तो म्हणाला. "दे अजून."

सिद्धरामाच्या पोटात त्या सारानं गुरगुरायचं. तो दोन बोटं ओली करून बाजूला सारायचा. शिवगंगाला वास आवडायचा नाही. त्यामुळं घरातलं सगळं पहिलं पाणी मलप्पाच्याच वाटीला येऊ लागलं. पंचफुलाला ते योग्यच वाटलं. कामाचा माणूस तो. दगड फोडायला दुसरी वाटी पाहिजेच. कधी कधी ती स्वतःच्या वाट्याचंही त्याच्या वाटीत ओतायची, आणि तो नको म्हणाला तर रागवायची.

कस्तुराबाईनं चव बघितली, आणि हे आपल्याच बोलण्यानं झालं असं सगळीकडं सांगितलं. होळीपर्यंत गावात कुणाच्याच उकिरड्यावर वाफ निघत नव्हती.

होळीनंतर जळकोटला दुष्काळ मेळावा भरला. मेळावा म्हणजे मंडप, सतरंज्या आणि पाण्याचं महत्त्व सांगणारे लोक. त्यांच्यापुढं पाण्याचे तांबे भरून ठेवलेले. लातूरहून एक विद्वान पाहुणे आले होते. ते फार छान बोलले. बर्फात राहणारा माणूस बुटका आणि गोल होतो, वाळवंटातला उंच आणि सडसडीत होतो, डोंगरातल्या माणसाची छाती भात्यासारखी फुगते. जशी भूमी तसं अंग, जसं अंग तशी चालरीत, असं त्यांनी सांगितलं. "मराठवाड्यातला माणूस दुष्काळाशी असाच जुळवून घेत आला आहे," ते म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी प्याले. टाळ्या पडल्या. कुणाच्या तरी घशाचा आवाजही झाला.

मग काटकसरीनं संसार करणाऱ्या बायांचा सत्कार होता. धोंडवाडीच्या तरुण मंडळानं पंचफुलाचं नाव दिलं होतं. ती पदर दातात धरून मंचावर चढली. कुणीतरी हातात नारळ दिला, खांद्यावर चोळीचा खण टाकला, आणि बोलायचं यंत्र तोंडापुढं धरलं.

"बोला बाई, तुम्ही काय करता?"

"काय न्हाई," पंचफुला म्हणाली. आवाज मंडपभर घुमून तिच्याकडंच परत आला. "लाखीचं पहिलं पाणी फेकत न्हाई. सार करतो आमी त्याचं."

"ऐका," पाहुणे समोर बसलेल्या बायांना म्हणाले. "एक थेंबही वाया नाही."

सतरंजीवर भोवतालच्या पाच-पंचवीस गावांच्या बाया बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

चैत्रात मलप्पाच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. दिवसभर विहिरीत उभं राहिल्यावर येणारच, असं सिद्धराम म्हणाला आणि तेल चोळलं. मग सकाळी अंथरुणातून उठताना त्याला भिंत धरावी लागू लागली. उठला की थोडा वेळ पाय लाकडासारखे. मग सैल व्हायचे. मग सैल होईनासे झाले. तो चवड्यांवर चालू लागला. टाचा जमिनीपासून वर, गुडघे एकमेकांना घासत, जणू कुणाच्या घरात चाहूल न लागू देता शिरायचं आहे.

गावाला ह्याचं कारण लगेच सापडलं. गावाकडं वेळ होता. एक जण म्हणाला, जमीन तापलीय, पोरगं शहाणं हाय, टाच भाजू देत न्हाई. दुसरा म्हणाला, वर ऊन आणि खाली गारवा, अंगात दोन ऋतू झाले. यारीवरचा म्हातारा म्हणाला, विहिरीच्या सातव्या थराला कुणीतरी बसलेलं असतंय, त्याला नारळ फोडला नव्हता.

"ते पाहुणं म्हणलं न्हाई का," सिद्धराम रात्री जेवताना म्हणाला, "अंग जुळवून घेतंय म्हणून. हुईल सवय."

"मला न्हाई सवय होऊन ऱ्हायली, अप्पा," मलप्पा म्हणाला.

"आणखी घे सार," पंचफुला म्हणाली.

वैशाखाच्या तोंडाला एका दुपारी सुटी झाली आणि पुरुष विहिरीतून वर यायला लागले. मलप्पा निम्म्यावर आला आणि थांबला. डावा पाय खोबणीत होता, पण टाच खाली बसत नव्हती. गुडघा ताठ झाला होता आणि उजवा पाय हवेत थरथरत होता. हातांनी त्यानं दगडाची कड धरली होती. पंचफुला टोपली घेऊन काठावर उभी होती. तिला त्याची फक्त टाळू आणि पांढरी पडलेली बोटं दिसत होती.

"चढ की रं," वरून कुणी म्हणालं.

"पाय ऐकून न्हाई ऱ्हायला."

खालून सिद्धरामानं त्याच्या पावलाला हाताचा टेकू दिला आणि तसाच अंगाला चिकटून उभा राहिला. यारीचा डोल खाली सोडला. मलप्पाला दोघांनी ओढून त्यात बसवलं. ज्या डोलातून सकाळपासून दगड वर येत होते त्याच डोलातून तो वर आला, गुडघे हनुवटीशी, डोळे मिटलेले. काठावरच्या बाया हसल्या. भीती गेल्यावर माणूस हसतं तशा.

अण्णाराव छत्री घेऊन उभे होते. "डोल मोजताना ह्याला दगडात धरू नका," ते यारीवाल्याला म्हणाले. तेही हसले.

दुसऱ्या दिवसापासून मलप्पाला बायकांच्या ओळीत टोपलीवर लावलं. टोपली डोक्यावर आली की तो चवड्यांवर पुढं ढकलल्यासारखा जायचा आणि बांधापर्यंत पोचायच्या आत अर्धी खडी खांद्यावर सांडलेली असायची. बाया त्याच्या टोपलीत कमी भरायच्या. त्यानं ते बघितलं की तो दुसरीकडं बघायचा.

त्याच आठवड्यात भामाबाई आली. पंचफुलाची माय. माहेरी भाऊ-भावजय जगायला बाहेर गेले होते आणि म्हातारी ज्वारीचं गठुडं घेऊन लेकीकडं निघाली होती. ओसरीवर बसेपर्यंत तिचं तोंड थांबलं नव्हतं.

"हिमायतनगरला बसले तवा गठुडं मांडीवर हुतं. नांदेडला गाडी बदलली तर तो कंडक्टर म्हणतोय, गठुड्याचं तिकीट काढा. म्या म्हणलं, लेकरा, ह्याच्यापेक्षा माझं वजन कमी हाय, माझंच नको काढू. पाणी दे गं शिवगंगे. हितं बी तसलंच मचूळ पाणी का?"

मलप्पा कामावरून आला. आजीला बघून त्याचा चेहरा उजळला. तो चवड्यांवर अंगण ओलांडून आला, पाया पडायला वाकला, आणि पुढं झुकताच खांबाला धरून राहिला. भामाबाईचं तोंड थांबलं. तिनं सुपारीचं खांड गालातून काढून हातात घेतलं.

"पंचे," ती म्हणाली. "पहिलं पाणी कुठं टाकतीस?"

"काऊन?"

"कुठं टाकतीस ते सांग."

पंचफुला भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच राहिला. "टाकत न्हाई माय. पाणी कुठं हाय टाकायला. सार करते."

"कोण पितंय?"

पंचफुलानं खांबाकडं बघितलं. मलप्पा खांब धरून खाली बसायचा प्रयत्न करत होता.

भामाबाईनं सुपारीचं खांड अंगणात भिरकावलं. मग म्हणाली, "तुझा ज्ञानोबा मामा आठवतोय का?"

पंचफुलाला आठवला. दोन काठ्यांवर चालायचा. पाय कात्रीसारखे एकमेकांवर पडायचे. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन त्याच्यामागं तशीच चालायची; तीही चालली होती.

"तो जल्मापासूनच तसा हुता की."

"जल्मापासून? माझ्या लग्नात घोड्यापुढं नाचला हुता ज्ञानोबा. मग ते वाळकं साल आलं, निजामाच्या राज्यातलं. आड आटला. लाख तेवढी हुती घरात. पाणी कोण फेकतंय मग? त्या साली आमच्या गल्लीत घरटी काठी झाली."

"मग मला सांगितलं काऊन न्हाई?"

"फेकायचं असतंय, येवढं सांगितलं हुतं की. फेकणाऱ्याला कारण कशाला लागतंय?"

पंचफुलानं पीठ हाताचं खरवडून काढलं. पुन्हा पुन्हा काढलं. "नीट हुईल ना गं माय?"

"आता बंद केलंस तर वाढणार न्हाई," भामाबाई म्हणाली. "हाय ते ऱ्हाईल. ज्ञानोबाचं ऱ्हायलं."

"म्हंजी टाच न्हाई टेकणार?" मलप्पानं विचारलं. तो ऐकतोय हे दोघी विसरल्या होत्या. त्यानं पायाचा अंगठा हातात धरून वर ओढून बघितला, जशी एखाद्या अवजाराची मूठ सैल झाली का बघतात. "यारीवर बसतो मग," तो म्हणाला. "यारीला हात लागतेत."

सिद्धराम आला, त्यानं ऐकलं, आणि चुलीवरचं भगुनं उचलून परड्यात नेऊन पालथं केलं. त्यात त्या दिवशी वरण होतं, चांगल्या पाण्याचं. कुणी त्याला सांगितलं नाही.

रात्री सगळ्यांनी भामाबाईच्या गठुड्यातल्या ज्वारीची भाकरी मिठाशी खाल्ली. पंचफुलानं पाट मलप्पाशेजारी घेतला. ती त्याला दुसरी भाकरी वाढायला गेली, आणि तिचा हात मधेच थांबला.

सकाळी ती घरोघर निघाली.

पहिल्या घरी बाई म्हणाली, "खरं असंल मावशी. पण टाकायला पाणी आणू कुठून? एका डाळीला दोनदा पाणी लागतंय. एक आणायला माझी कंबर गेली." दुसऱ्या घरी विचारलं, दवाखान्यातल्यांनी सांगितलं का. तिनं मायनं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी चहा विचारला, म्हणजे बोलणं संपलं. तिसऱ्या घरच्या सुनेनं तिच्यादेखत साराची वाटी पोटुशी जावेच्या तोंडाला लावली. ताकद येते म्हणून. पंचफुलानं ती वाटी हिसकली, तर सार सांडलं आणि सासू भांडायला उठली.

अण्णाराव पाटील ओट्यावर दात घासत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. पाटलांचा स्वभाव तसा वाईट नव्हता. त्यांना फक्त सकाळी गोंधळ आवडत नसे.

"पंचफुलाबाई, मेळाव्यात तुझं कौतिक झालं. लातूरच्या माणसानं केलं. आता तूच उलटं बोलून ऱ्हायलीस. लाख बंद केली तर गाव खाईल काय, दगड?"

"बंद करा म्हणत न्हाई मालक. टँकर वाढवून मागा. पाणी फेकण्यापुरतं."

"फेकायला पाणी मागू?" पाटील म्हणाले. "नव्या जिल्ह्यात जाऊन? दुष्काळात?" त्यांनी चूळ भरली आणि ओट्याखाली टाकली. "पोरगं चालतंय की तुझं. चवड्यावर का हुईना."

शेवटी ती कस्तुराबाईकडं गेली. कस्तुराबाई कुडापाशी वाटच बघत होती. तोवर सगळं तिच्या कानावर आलंच होतं.

"नारळ घेऊन झाला, खण घेऊन झाला," ती म्हणाली. "आता आमाला पाणी फेकाय लावती. आमच्या घरात बी चांगलं शिजतंय म्हणून पोट दुखतंय का तुझं, पैनगंगे?"

पंचफुला परत आली. परड्यातल्या पालथ्या भगुन्यावर बसून राहिली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाली. मळ्याच्या वाटेवर घोट्याएवढा फुफाटा होता. रात्री वारा नव्हता, आणि आदल्या संध्याकाळी विहिरीवरून घरी आलेल्या माणसांची पावलं तशीच्या तशी उमटलेली होती. ती खाली बघत चालत होती, आणि चालता चालता तिची चाल मंदावली. एक पाऊल अर्धंच होतं. बोटं, चवडा, आणि मागं काहीच नाही. हे मलप्पाचं. तिनं ते ओळखलं. पण पुढं दुसरं अर्धं होतं, ह्याच्यापेक्षा रुंद. त्याच्या बाजूला तिसरं. बोटं आत वळलेली, फुफाट्यात ओढत गेलेली. काही पावलांची टाच नुसती टेकल्यासारखी होती, अंगठ्यानं कुंकू लावावं इतकी. तिनं वाकून हातानं चाचपली. मग ती उलटी फिरली आणि त्या पावलांमागं गावाकडं चालू लागली. वेशीपाशी ती पावलं फुटली. एक माळ मांगवाड्याच्या बोळात गेली, एक मारुतीच्या पाराकडं, एक पाटलाच्या गड्याच्या खोपटाकडं. रुंद पाऊल तिच्याच गल्लीत आलं आणि कस्तुराबाईच्या दारात शिरलं.

कस्तुराबाई चुलीपाशी होती. दार उघडंच होतं. पंचफुला उंबऱ्याबाहेर बसली.

"नरसिंगभावजींचा पाय कसा हाय?"

"तुला काय करायचंय?"

"टाच टेकती का?"

आत खाटेवर कस्तुराबाईचा नवरा उठून बसत होता. उठताना त्यानं आधी भिंत धरली, मग खाटेची कड, मग पुन्हा भिंत. दोघी बघत राहिल्या. त्याला कळलं की आपण बघितले जातोय; तो गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

चुलीवर लाखेला उकळी आली होती. पिवळा फेस भगुन्याच्या काठावर चढत होता. कस्तुराबाईनं फडकं घेतलं, भगुनं उतरवलं, डाळ हातानं अडवून पाणी दुसऱ्या भांड्यात काढलं आणि ते घेऊन परड्यात आली. पंचफुला मागं मागं गेली.

"किती टाकायचं?" कस्तुराबाईनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो तिचा वाटत नव्हता.

"सगळं."

कस्तुराबाईनं ओतलं. कोरड्या मातीनं ते आवाज करत पिऊन टाकलं, आणि थोडी वाफ निघाली. कुठूनतरी एक कोंबडी पळत आली आणि ओल्या जागेवर चोच मारू लागली. कस्तुराबाईनं खाली वाकून तिला हाकलायला दगड उचलला.